चित्रकार्य, शालेय सर्जनशील

माध्यमिक शाळेच्या चित्रकलेच्या तासाला नमुना गिरवून न घेता केवळ विषय, माध्यम आणि काही मर्यादा देऊन विद्यार्थ्याकडून करून घेतलेले स्वतंत्र काम. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने स्मरणचित्र आणि संकल्पचित्र या दोन नावांनी रुळले आहे. दोन्ही शब्द शासकीय रेखाकला परीक्षांमुळे घराघरांत पोहोचले. भित्तिपत्रक, शुभेच्छापत्र, पुस्तकाचे मुखपृष्ठ, चिकटचित्र (कोलाज), ठसेकाम, मुखवटे, मातीकाम, नाटकाची पार्श्वभूमी आणि शाळेच्या भिंतीवरील सामूहिक चित्र यांचाही समावेश या कार्यात होतो. वस्तुचित्र, स्थिरचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे कौशल्याचे विषय या नोंदीत घेतलेले नाहीत.

पूर्वपीठिका : सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. हीच पुढे सर ज. जी. कलाशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. येथील शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा ठसा होता. आधी सरळ रेषा, मग भौमितिक आकृती, मग छापील नमुन्यांची नक्कल, पुढे प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश असा तिचा क्रम असे. हात आणि डोळा यांना शिस्त लावून कारागीर व आरेखक घडविणे हा हेतू असल्याने विद्यार्थ्याच्या कल्पनेला त्यात फारशी जागा नव्हती. १८७९ मध्ये रेखाटन हा शिक्षणाचा विषय झाला व त्याबरोबर चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. या मार्गाने ती शिस्त मुंबई इलाख्यातील शाळांपर्यंत गेली. पाटीवर चौकटी आखून त्यांत पान किंवा कलश ‘उतरवून काढण्याची’ रीत हा तिचाच अवशेष होय.

तथापि नकलेतूनही मोठे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण त्याच कलाशाळेत सापडते. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात, मध्ये खंड पडून, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. लंडनला पाठविलेल्या या प्रतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. या कामावर आधारलेला ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. हे विद्यार्थी शाळकरी नव्हते. तरीही एकच विषय घेऊन दीर्घकाळ, गटाने, प्रत्यक्ष स्थळी केलेले काम म्हणून शालेय उपक्रमांच्या इतिहासात त्याची नोंद घेणे योग्य ठरते.

बालकलेचा विचार : मूल हे अपुरा प्रौढ चित्रकार नसून त्याच्या चित्राला स्वतःचे व्याकरण असते, ही जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दृढ होऊ लागली. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग काढला. हर्बर्ट रीड यांचा कलेद्वारा शिक्षणाचा पुरस्कार करणारा ग्रंथ १९४३ मध्ये, तर व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचा सर्जनशील व मानसिक वाढीवरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले : गिरगटण्याची अवस्था, आकृतिबंधापूर्वीची अवस्था, आकृतिबंधाची अवस्था, वास्तवाची पहाट, वास्तवसदृश चित्रणाची अवस्था आणि कुमारवय. माध्यमिक शाळेतील मूल शेवटच्या दोन टप्प्यांवर असते. या वयात त्याला स्वतःचे चित्र ‘खऱ्यासारखे’ नाही हे कळू लागते, पण ते तसे काढण्याचे कौशल्य अजून हाती आलेले नसते. पाचवीपर्यंत भिंती रंगविणारे मूल आठवीत ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणते, ते बहुधा या दरीमुळे. माध्यमिक वर्गातील सर्जनशील कार्याचे मुख्य प्रयोजन ही दरी ओलांडायला हात देणे हे आहे. टप्प्यांच्या वयोमर्यादा सर्व समाजांना सारख्याच लागू पडतात काय, याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

सेवाग्राम : महाराष्ट्राच्या भूमीवर या विचाराचा सर्वांत सलग प्रयोग वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे झाला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली व हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा ठरला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये येथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. सूत, माती, शेत, सण आणि स्वच्छता यांच्याशी चित्र जोडलेले असावे, शिक्षकाने मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढू नये, अशी त्यांची भूमिका होती. या अनुभवावर त्यांनी हिंदीत ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी रूप १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले.

रेखाकला परीक्षा : महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयामार्फत (स्थापना १९६५) एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन परीक्षा घेतल्या जातात. प्रत्येक परीक्षेत चार विषय असतात : एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन, इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राची जागा स्थिरचित्र घेते व पुढील विषय अधिक कठीण होतात. उत्तीर्णांना अ, ब किंवा क श्रेणी मिळते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवरून दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची तरतूद असून अ, ब व क श्रेणींसाठी ते अनुक्रमे ७, ५ व ३ असे ठरविण्यात आले. या तरतुदीमुळे शाळांमधून चित्रकलेचा तास टिकून राहिला असे अनेक शिक्षक मानतात. तिच्यामुळे कलेपेक्षा गुणांकडे लक्ष वळले, असेही मत आहे.

स्मरणचित्र : विद्यार्थ्याने पाहिलेला प्रसंग समोर काहीही नसताना आठवणीने रंगविणे. बाजार, पाणवठा, बसथांबा, पतंग उडविणारी मुले, गणपतीची मिरवणूक, फुगेवाला, शेतातील कामे हे विषय पिढ्यान्पिढ्या दिले जात आहेत. चित्रात सामान्यतः दोन-तीन मानवाकृती ठळकपणे याव्यात अशी अपेक्षा असते. शालेय अभ्यासक्रमात या विषयाचे महत्त्व असाधारण आहे. भाषेच्या पेपरात निबंध लिहिताना मुलाला तयार वाक्ये वापरता येतात; येथे त्याला स्वतःची गल्ली, स्वतःची आजी, स्वतःच्या गावची एसटी आठवावी लागते. तू काय पाहिलेस, हा प्रश्न शाळा त्याला इतक्या थेटपणे अन्य कोठेही विचारत नाही.

स्मरणचित्राची तयारी स्मरणाने होत नाही, ती पाहण्याने होते. अनुभवी शिक्षक मुलांना आधी वहीत झटपट रेखाटने करायला लावतात : एसटी स्टँडवर बाकावर पेंगणारा माणूस, हंडा डोक्यावर घेतल्यावर मानेला येणारा ताठपणा, भाजीवालीची उकिडवी बैठक, सायकल ढकलणाऱ्याचा पुढे झुकलेला खांदा. मानवाकृतीसाठी प्रथम काड्यांचा सांगाडा काढून त्यावर अंग भरले जाते. उभ्या प्रौढ माणसाची उंची सुमारे साडेसात डोकी धरतात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. त्यानंतर पाच-सहा छोटे कच्चे आराखडे करून त्यांतून एक निवडला जातो. डोळ्यांची पातळी कोठे धरली यावर सारे दृश्य अवलंबून असते. ती वर घेतल्यास बाजार गच्चीवरून पाहिल्यासारखा पसरतो. खाली आणल्यास पुढची माणसे मागच्यांना झाकतात आणि गर्दी जाणवते. जवळच्या आकृती मोठ्या व गडद, दूरच्या लहान व फिक्या, एकीने दुसरीला थोडे झाकलेले, एवढ्या तीन गोष्टींतून कागदावर खोली येते.

या विषयाची मोठी हानी ‘पाठ केलेल्या’ आकृतींनी केली आहे. शिकवणीवर्गांतून व तयार चित्रांच्या पुस्तकांतून दोन बायका, एक पुरुष, एक झाड व एक कौलारू घर घटवून घेतले जाते. विषय बाजाराचा असो वा पाणवठ्याचा, तीच माणसे जागा बदलून उभी राहतात. अशा चित्रात रेखाटनाची चूक सापडणे कठीण असते आणि पाहिलेली एकही गोष्ट नसते. त्याउलट, बेढब हातांनी काढलेल्या एखाद्या चित्रात छत्रीवाल्याने दुकानाच्या फळीवर ठेवलेला तारांचा डबा दिसतो, आणि ते चित्र काढणारा मुलगा तेथे उभा राहिला होता हे कळते.

संकल्पचित्र : ठरवून दिलेल्या आकारात, ठरवून दिलेल्या घटकांनी केलेली अलंकारिक रचना. वर्तुळ, चौरस, षट्कोन किंवा पट्टी यांसारखे क्षेत्र; पाने, फुले, पक्षी, भौमितिक किंवा अमूर्त आकार; आणि एकरंगी, उष्ण, शीत किंवा विरोधी रंगसंगती अशा अटी घातलेल्या असतात. आवृत्ती, लय, तोल व विरोध ही तिची तत्त्वे. पोस्टर रंगाचा सपाट, डाग न पडणारा लेप ही तिची कसोटी मानली जाते. अटी जितक्या नेमक्या तितकी कल्पना मोकळी होते, असा वर्गातील अनुभव आहे. ‘काहीही काढा’ म्हटल्यावर बहुसंख्य मुले डोंगर, सूर्य आणि नदी काढतात. ‘फक्त त्रिकोण आणि दोन रंग’ म्हटल्यावर चाळीस मुलांचे चाळीस कागद वेगळे होतात. साडीचा काठ, रुमाल, ताट किंवा आकाशकंदिलाची बाजू असा प्रत्यक्ष उपयोग सांगितल्यास काम अधिक सुधारते, कारण कंदिलाची नक्षी मागून उजेड येणार हे धरून करावी लागते.

लोककलांवर आधारित उपक्रम : वारली चित्रशैली हा आज शाळांतील सर्वांत लोकप्रिय उपक्रम आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढलेली ही चित्रे मुळात विवाहविधीशी निगडित असून देवचौक (देवतेभोवतीची चौकट) सवाशिणी लिहितात. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी या शैलीला विधीबाहेर स्वतंत्र चित्राचे रूप दिले. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस उभा राहत असल्याने कुमारवयीन विद्यार्थ्याचा संकोच येथे गळून पडतो. मात्र तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाचे वळसे तपकिरी कागदावर गिरवणे म्हणजे वारली शिकणे नव्हे. आपल्या वस्तीतील एक दिवस त्या भाषेत सांगणे, हे खरे सर्जनशील काम होय. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपराही उपयोगी पडते. एकेक चित्र पुढे करत कथा गाण्याची तिची रीत (परशुराम गंगावणे यांना पद्मश्री, २०२१) पाठ्यपुस्तकातील गोष्ट आठ-दहा कागदांवर मांडण्यासाठी सहज स्वीकारता येते.

त्रिमित काम : शाडूची गणेशमूर्ती, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीचा किल्ला, कागदलगद्याचे मुखवटे.

डिजिटल माध्यम : मोबाइलवरील छायाचित्रण व संगणकीय रेखाटन यांचा वापर होतो.

मूल्यमापन : विषयाचे आकलन, रचना, रेखाटन, रंगयोजना व सफाई हे सर्वसाधारण निकष होत. शिक्षण हक्क कायद्याची अंमलबजावणी २०१० मध्ये सुरू झाल्यानंतर आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली व वर्षभराच्या कामाला स्थान मिळाले. सफाईला गुण देणे सोपे असते, निरीक्षणाला देणे अवघड. म्हणून पूर्ण झालेल्या चित्राबरोबर कच्चे आराखडे व रेखाटनवही तपासणे ही रीत अधिक न्याय्य ठरते. चित्र कोठून सुरू झाले आणि मुलाने वाटेत काय टाकून दिले, हे त्यांतच दिसते.

जतन : शालेय चित्रकार्य सहसा जतन होत नाही. प्रदर्शन उतरले की कागद रद्दीत जातात. रेखाकला परीक्षेच्या उत्तरपत्रिका परीक्षार्थीकडे परत येत नाहीत. हाती राहते ते श्रेणीचे प्रमाणपत्र. त्यामुळे महाराष्ट्रातील मुलांना काय काढायला सांगितले गेले हे प्रश्नपत्रिकांवरून कळते. त्यांनी काय काढले हे बहुतांशी कळत नाही. सेवाग्रामच्या मुलांविषयी काही सांगता येते, ते त्यांच्या शिक्षकाने लिहून ठेवले म्हणून. शाळेने दरवर्षी प्रत्येक इयत्तेतील काही कागद नाव, वय, विषय व तारीख घालून एका पेटीत ठेवले, तरी या नोंदीतील बरीच रिकामी जागा भरून निघेल.