अल्पसाधन संगणक आणि शब्दक्रीडा : एक ऐतिहासिक विवेचन

संगणकावरील खेळांचा इतिहास बहुधा चित्रांच्या व गतीच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. यंत्राची शक्ती वाढत गेली, तसतसा खेळही रंजक होत गेला, असा त्या मांडणीचा गृहीत सिद्धान्त असतो. तथापि या इतिहासात एक असा प्रवाह आहे की, जो या सिद्धान्ताला छेद देतो. हा प्रवाह म्हणजे केवळ शब्दांवर चालणाऱ्या कथाक्रीडांचा होय. पडद्यावर स्थळाचे वर्णन उमटते. खेळाडू एक आज्ञा टंकलिखित करतो. यंत्र त्या आज्ञेचा अर्थ लावून पुढील वर्णन देते. एवढ्याच सामग्रीवर उभा राहिलेला हा प्रकार यंत्राच्या दारिद्र्यातून जन्मला नसला, तरी त्याचे रूप त्या दारिद्र्यानेच घडविले. भाषेच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व याच कारणाने वाटावे.

या प्रकाराचा आरंभ १९७५-७६च्या सुमारास अमेरिकेत झाला. मॅसॅच्युसेट्समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेतील विल क्राउदर हा आज्ञावलीकार हौशी गुहासंशोधकही होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह व फ्लिंट रिज या दोन गुहासमूहांचा सांधा १९७२ साली ज्या मोहिमेत जुळला, तिच्यात त्याची तत्कालीन पत्नी पॅट्रिशिया हिचा सहभाग होता. पुढे विवाहविच्छेदानंतर आपल्या मुलींसाठी क्राउदरने याच गुहांच्या भूगोलावर बेतलेली ‘ॲडव्हेंचर’ ही क्रीडा फोरट्रान भाषेत लिहिली. संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसास यंत्राची भीती वाटू नये, हा त्यामागील एक हेतू होता. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याच्या हाती ही आज्ञावली आली, तेव्हा त्याने मूळ कर्त्याची अनुमती घेऊन १९७७ साली तिचा विस्तार केला.

‘ॲडव्हेंचर’चे व्याकरण दोन पदांचे होते : एक क्रियापद व एक नाम. प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरे तेवढी तपासली जात. ही मर्यादा स्वैर नव्हती. पीडीपी-१० या यंत्राच्या स्मृतीतील एक शब्दकोष्ठक ३६ बिटांचे असे आणि त्यात सात बिटांचे एक याप्रमाणे नेमकी पाच अक्षरे मावत. परिणामी इंग्रजीतील ‘नॉर्थ’ आणि ‘नॉर्थईस्ट’ हे दोन शब्द यंत्राच्या दृष्टीने एकच ठरत. म्हणून ईशान्येसाठी ‘एन् ई’ असे संक्षिप्त रूप वापरावे, अशी सूचना खेळाडूस द्यावी लागे. यंत्राची रचना शब्दकोशात कशी हस्तक्षेप करते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळेल.

पुढचा टप्पा ‘झॉर्क’चा. १९७७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स व डेव्ह लेबलिंग या चौघांनी ही क्रीडा रचण्यास आरंभ केला. द्विपदी आज्ञेऐवजी विशेषणे, शब्दयोगी पदे आणि एकापेक्षा अधिक कर्मे असलेली पूर्ण वाक्ये तिला उमगत. ही प्रगती विद्यापीठाच्या विशाल यंत्रावर झाली. १९७९ साली यांपैकी काहींनी सहकाऱ्यांसह ‘इन्फोकॉम’ ही संस्था स्थापन केली आणि तीच क्रीडा घरगुती संगणकावर नेण्याचे ठरविले, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. टीआरएस-८० अथवा ॲपल टू यांसारख्या यंत्रांची स्मृती काही दशक किलोबाइटांच्या पलीकडे जात नसे. व्याकरणास कात्री लावणे हा सोपा मार्ग होता. तो स्वीकारला गेला नाही.

त्याऐवजी तीन उपाय योजिले गेले. पहिला, कथेचे विभाजन : मूळ क्रीडेचे तीन भाग करून ते १९८० ते १९८२ या काळात प्रसिद्ध झाले. दुसरा उपाय ‘झी-मशीन’ या कल्पित यंत्राचा. जोएल बेरेझ व मार्क ब्लँक यांनी त्याची रचना केली. कथा या कल्पित यंत्राच्या भाषेत एकदाच सिद्ध करावयाची आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी केवळ एक छोटा अनुवादक लिहावयाचा, अशी ही व्यवस्था होती. कथेतील जो भाग खेळताना बदलतो, तो स्मृतीत कायम राही. उरलेला मजकूर गरजेप्रमाणे फ्लॉपीवरून आणला जाई.

तिसरा उपाय लिपीविषयक होता व तो भाषाशास्त्रदृष्ट्या सर्वांत उद्बोधक आहे. सोळा बिटांच्या एका कोष्ठकात पाच बिटांची तीन चिन्हे बसविली गेली. उरलेला एक बिट मजकुराचा शेवट दर्शवी. पाच बिटांत ३२ संकेत होतात. त्यांपैकी एक रिकाम्या जागेसाठी, तीन संक्षेपांसाठी व दोन मोठी अक्षरे आणि विरामचिन्हे यांकडे वळण्यासाठी राखले. उरलेले २६ संकेत म्हणजे रोमन वर्णमालेची लहान अक्षरे. वारंवार येणाऱ्या ९६ शब्दखंडांना स्वतंत्र संक्षेप देण्याची सोयही पुढील आवृत्तीत झाली. कोणते खंड वारंवार येतात, हे ठरविणे म्हणजे वस्तुतः भाषेतील पुनरुक्तीचे मोजमाप करणेच होय.

ही सर्व व्यवस्था इंग्रजीच्या प्रकृतीशी किती निगडित होती, हे मराठीशी तुलना करता ध्यानात येते. इंग्रजी आज्ञेत क्रियापद प्रथम येते, नामाचे रूप सहसा बदलत नाही, म्हणून आरंभीची अक्षरे तपासली की काम भागते. मराठीत क्रियापद बहुधा अंती येते आणि नाम सामान्यरूप धारण करते. ‘दिवा घे’ व ‘दिव्यात तेल घाल’ या आज्ञांत वस्तू एकच, परंतु पाचव्या चिन्हापर्यंत पाहिल्यास रूपे भिन्न. तिसऱ्या चिन्हावर तोडल्यास ‘दिवा’ व ‘दिवस’ यांतील भेदच नाहीसा होतो. ‘फूल’ व ‘फुला’ यांत तर दुसऱ्याच चिन्हापासून फरक पडतो. शिवाय देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार व हलन्त मिळून चिन्हांची संख्या पन्नासहून अधिक होते. पाच बिटांत ती मावणारी नाही.

परंतु या तुलनेची दुसरी बाजूही आहे. मराठीचा एकवचनी आज्ञार्थ बहुधा धातुरूपच असतो : ‘उघड’, ‘बस’, ‘जा’. ‘किल्लीने दार उघड’ आणि ‘दार किल्लीने उघड’ यांचा अर्थ विभक्तिप्रत्ययामुळे निःसंदिग्ध राहतो. करण कोणते व कर्म कोणते हे पदक्रमावरून ताडावे लागत नाही. इंग्रजीसाठी स्थानावरून जे अनुमान करावे लागते, ते मराठीत प्रत्ययच सांगतो. तेव्हा अडचण भाषेच्या दुर्बोधतेची नाही. सामान्यरूपाचे नियम यंत्रास शिकविण्याची आहे आणि त्या नियमांचे विवेचन मराठी व्याकरणकारांनी दीर्घकाळ केलेले आहे.

१९८६ साली ‘इन्फोकॉम’ ॲक्टिव्हिजनच्या ताब्यात गेली व १९८९ साली तिचे कार्यालय बंद झाले. पण कल्पित यंत्र खऱ्या यंत्रांहून दीर्घायुषी ठरले. अभ्यासू हौशी मंडळींनी त्याची रचना उलगडली. १९९३ साली ग्रॅहॅम नेल्सन याने त्यासाठी ‘इन्फॉर्म’ ही रचनाभाषा सिद्ध केली. तीत भाषाविषयक नियम कथेपासून अलग ठेवण्याची सोय झाल्यामुळे जर्मन, स्पॅनिश, इटालियन इत्यादी भाषांसाठी स्वतंत्र नियमसंच तयार होऊ शकले. पुढे युनिकोडचाही अंतर्भाव झाला. टीआरएस-८०साठी सिद्ध झालेली कथा आज अत्यंत जुन्या व स्वस्त संगणकावरही विनासायास चालते. तिला चित्रफलकाची अथवा विपुल स्मृतीची अपेक्षा नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, साधनांची अल्पता रंजनास बाधक ठरली नाही. तिने भाषेचे विश्लेषण मात्र अपरिहार्य केले. ज्या पाठशाळांत व घरांत संगणक आहेत पण ते अशक्त आहेत, तेथे मराठी कथाक्रीडेस यंत्राचा अडसर उरलेला नाही. तेथे हवे आहे ते सामान्यरूपांचा, प्रत्ययांचा व आज्ञार्थाचा काटेकोर नियमसंच. हे कार्य यंत्रविक्रेत्याचे नव्हे. ते व्याकरणाच्या अभ्यासकाचेच आहे.