श्लेसिंजर, विल्यम एच.

(१९५० – ). अमेरिकन जैवभूरसायनशास्त्रज्ञ. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस ही मूलद्रव्ये हवा, पाणी, माती आणि सजीव यांच्यातून कशी फिरतात आणि कुठे किती काळ अडकून राहतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. डार्टमथ कॉलेजातून पदवी (१९७२) आणि कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. (१९७६) घेतल्यावर १९८० पासून ते ड्यूक विद्यापीठात होते. तेथील निकोलस स्कूलचे अधिष्ठातापद (२००१–०७) आणि नंतर न्यूयॉर्क राज्यातील केरी इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद (२००७–१४) त्यांनी सांभाळले.

पीएच.डी.साठी त्यांनी जॉर्जिया–फ्लोरिडा सीमेवरची ओकेफेनोकी दलदल निवडली. निवड अचूक होती. या पाणथळ प्रदेशाला पाणी मिळते ते प्रामुख्याने पावसाचे. नदीच्या पुराबरोबर गाळ येत नाही. त्यामुळे पोषकद्रव्ये किती आली, हे पावसाच्या पाण्यातच बरेचसे मोजता येते. पाणी गडद तपकिरी आणि आम्लधर्मी, त्यात सायप्रसची झाडे उभी. प्राणवायूअभावी गळलेला पाला पुरता कुजत नाही, त्याचे पीट बनते आणि पोषकद्रव्ये त्यात अडकून पडतात. सायप्रसच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या ‘स्पॅनिश मॉस’ या वनस्पतीचाही त्यांनी पीटर मार्क्स यांच्यासह अभ्यास केला. तिला जमिनीत मुळे नसतात. पाऊस, धूळ आणि वरच्या पानांवरून ठिबकणारे पाणी यांतूनच ती खनिजे घेते.

१९७७ मध्ये त्यांनी जगभरच्या मातीतील सेंद्रिय कार्बनचा अंदाज मांडला : सुमारे १,४५६ अब्ज टन, म्हणजे तेव्हाच्या वातावरणातील कार्बनच्या साधारण दुप्पट. विखुरलेल्या नोंदींवरून काढलेला हा आकडा नंतरच्या मोजणीतही फारसा ढळला नाही, हे विशेष.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम ड्यूक विद्यापीठाच्या वनातील प्रयोगाचे. लोब्लॉली पाइनच्या लागवडीत ३० मीटर व्यासाची वर्तुळे आखून भोवती उंच उभे नळ बसवले. त्यांतून कार्बन डायऑक्साइड सोडून झाडांभोवतीच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत २०० भागांनी वाढवले. १९९६ ते २०१० असा हा प्रयोग चालला. सुरुवातीला वनाची उत्पादकता सुमारे २५ टक्क्यांनी वाढली आणि वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा भार जंगलेच उचलतील, अशी आशा निर्माण झाली. श्लेसिंजर आणि जॉन लिख्टर यांनी मात्र पायाखाली पाहिले. पालापाचोळ्याच्या थरात कार्बन वाढला होता. पण तो सुमारे तीन वर्षांत कुजून परत हवेत जात होता आणि खालच्या खनिज मातीत साठा वाढलेला नव्हता (२००१). ‘झाडे लावली की झाले’ असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचायला हवा.

न्यू मेक्सिकोतील होर्नाडा येथे गवताळ रान झुडपी होताना पोषकद्रव्ये झुडपांच्या बुंध्याशी गोळा होतात आणि मधली जमीन उघडी पडते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले (१९९०).

त्यांचे ‘बायोजिओकेमिस्ट्री’ (१९९१) हे पाठ्यपुस्तक या विषयात पायाभूत मानले जाते. नंतरच्या आवृत्त्यांत एमिली बर्नहार्ट सहलेखिका आहेत. शेतजमिनीत कार्बन साठवण्याच्या योजनांबाबतही त्यांनी सावध केले : खत तयार करताना आणि पाणी उपसताना जे इंधन जळते, त्याचा कार्बन वजा केल्याशिवाय मातीतली वाढ खरी धरू नये.