टीनएजर : तेरा ते एकोणीस

धाकट्या दिरांची मुलगी परवा फणकाऱ्यानं म्हणाली, “काकू, मी आता टीनएजर आहे, मला जरा एकटं राहू द्या की!” पंधरा वर्षांची पोर. मी गप्प बसले, पण शब्द डोक्यातून जाईना. लहानपणी मला वाटायचं, यातला ‘टीन’ म्हणजे आपला ‘तीन’च!

तसं नाही. थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंतच्या आकड्यांच्या शेवटी जो ‘टीन’ येतो, तो हा. त्याचा अर्थ दहा. इलेव्हन, ट्वेल्व्हला तो लागत नाही, म्हणून बारा वर्षांचं पोर टीनएजर नव्हे. मराठीत ही सोय नाही. आपला एकोणीस तर ‘विसाला एक उणा’, म्हणजे पुढच्या घरात पाय टाकलेला. पण मैत्रिणींनो, आपण सीमाभागातल्या बायका, कन्नड कानावर असतंच. हन्नोंदु, हन्नेरडु झालं की तेराला हदिमूरु, चौदाला हदिनाल्कु. इथंही अकरा-बारा वेगळे! आणि या वयाला कन्नडमध्ये म्हणतात ‘हदिहरेय’. हरेय म्हणजे तारुण्य. इंग्रजी शब्दाची जुळी बहीणच बाजारात रोज भेटते, आपण ओळख दाखवत नाही.

मराठीत शाळेच्या पुस्तकानं ‘पौगंडावस्था’ दिली. जुन्या संस्कृत हिशेबात पौगंड दहा वर्षांपर्यंत, मग पंधरापर्यंत किशोर. म्हणजे आपण शब्द उचलला आणि वय बदललं. घरात तो कधी कुणी उच्चारला नाही. घरात म्हणायचे, “पोरगी शाणी झाली.” शाणी झाली म्हणजे तिचं बाहेर हुंदडणं संपलं!

टीनएजर हे नाम अमेरिकेतल्या एका मासिकात 1941 साली छापलेलं सापडतं. ‘टीन-एज’ हे विशेषण त्याआधीचं. तिकडं मंदीच्या काळात मुलांना कामं मिळेनात, तशी ती हायस्कुलात राहू लागली. शाळा, मित्रमैत्रिणी, थोडे हातखर्चाचे पैसे. 1944 साली ‘सेव्हन्टीन’ नावाचं मुलींचं मासिकच निघालं. व्यापाऱ्यांनी हे गिऱ्हाईक बरोबर हेरलं होतं.

आता आमच्या आज्जींचा हिशेब मांडते. आज्जी म्हणजे वडिलांच्या आई. शारदा कायदा 1929 मध्ये झाला : मुलीला चौदा, मुलाला अठरा. लागू व्हायचा होता 1 एप्रिल 1930 पासून. त्याआधी उरकून घ्या म्हणून देशभर लग्नांची घाई उडाली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. त्याच घाईत, माघात, बारा वर्षांच्या आज्जींच्या डोक्यावर अक्षता पडल्या. सोळाव्या वर्षी पहिलं मूल. तिकडं शब्द छापला गेला तेव्हा आज्जी तेवीस वर्षांच्या, पदरात तीन लेकरं.

निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. सभेनं कोल्हापूर, सांगली, बेळगावला बोर्डिंगं काढली आणि खेड्यातल्या मुलांना मॅट्रिकपर्यंतची वर्षं शिकायला मिळाली. ती वर्षं म्हणजेच टीनएज, माझ्या मते. पण ती मिळाली मुलांना. मुलींचा नंबर फार उशिरा लागला, आणि हे बोलायला आपण अजून कचरतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला बसणाऱ्या पोरींना तर तेही नाही. त्यांच्या हातात त्या वयात पैसे आले, पण ते चुलीसाठी.

मुलीच्या लग्नाचं वय पुढं पंधरा झालं आणि 1978 मध्ये अठरा. कायद्यानं ती वर्षं मोकळी केली; घरोघरी किती मोकळी झाली, ते आपापल्या माहेरच्या आठवणीतून प्रत्येकीनं ताडून बघावं. माझ्या दोन वर्गमैत्रिणी दहावीच्या सुट्टीतच सासरी गेल्या.

पुतणीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, “तुमच्या आज्जी रुसल्या की कुठं जायच्या?”

हे मात्र मला ठाऊक होतं. अंथऊ उरकून सगळे बाहेर बसले, की आज्जी घागर घेऊन परसातल्या आडावर जायच्या. घागर भरेपर्यंत कुणी हाक मारत नसे. म्हणून त्या ती हळूहळू भरायच्या.