हिरवळीवाचून

लॉन बाऊल्स हा राखलेल्या हिरवळीवर वाढलेला खेळ. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चार महिलांनी त्यात सुवर्णपदक पटकावलं, तेव्हा हा खेळ आपल्याकडे अनेकांना पहिल्यांदा कळला. धाराशिवात तो रुजला असता का? ऐन उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणाऱ्या जिल्ह्यात गवताला कोण पाणी घालणार! इथं रुजला खो-खो. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि माती एवढ्यावर भागतं.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 मध्ये या खेळाला नियमांत बसवलं. पुढं त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि धाराशिवनं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादनं, त्यात आपलं नाव केलं, विशेषतः मुलींच्या जोरावर. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली तयार झालेली सारिका काळे 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. घरची परिस्थिती बेताची. कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर काढल्याचं तिनंच सांगितलंय. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान तब्बल 22 वर्षांनी मिळत होता. एवढी वर्षं कुणी खेळतच नव्हतं की काय? पुरस्कार मिळाला त्या वेळी सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती.

पोरी सरावाला उतरल्या की बघावं. पाटीवर आठ जणी, एकीआड एक उलट्या तोंडानं, टाचा उचलून बसलेल्या. पळणारी खांबाजवळ सापडली की आक्रमक खांबाला हात घालून अंग झोकून देते. हा सूर चुकला तर कोपर सोलवटतं. तरी पुढच्या खोला तीच उभी.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. पण तो खेळ मॅटवरचा: नवाऐवजी सात खेळाडू, सात-सात मिनिटांच्या पाळ्या आणि कुठल्याही दिशेला धावू शकणारा वजीर. मातीत शिकलेल्या पायांना मॅटवर वळणं निराळंच पडतं. सत्काराचे हार पुष्कळ झाले. आता गावोगावच्या शाळांना मॅट द्या, तीही स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नको, जूनमध्येच.