जुन्नर-आंबेगावच्या नद्यांत ट्राउट का नाही? आणि फ्लाय फिशिंगवाल्यांनी इथे कोणता मासा ओळखायला हवा?

हिमाचल किंवा काश्मीरमधलं एक रील अनेकांनी पाहिलं असेल. गुडघाभर थंड पाण्यात उभा असलेला माणूस, हवेत वळणं घेत जाणारी दोरी आणि शेवटी गळाला लागलेला ठिपक्यांचा मासा. या मासेमारीला फ्लाय फिशिंग म्हणतात आणि तो मासा असतो ट्राउट.

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट हा भागही डोंगराळच. मग इथल्या कुकडी, मीना आणि घोड नद्यांत ट्राउट का सापडत नाही?

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

साध्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि तो लांब जावा म्हणून शिशाचं वजन बांधतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नकली असतं. हुकावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून किडा तयार करतात. त्याला जवळपास वजनच नसतं, म्हणून इथे दोरी जाड आणि जड ठेवतात. काठी मागे-पुढे झुलवली की दोरी हवेत उलगडते आणि टोकाच्या बारीक तंगुसाला बांधलेला किडा अलगद पाण्यावर उतरतो. वाहत्या पाण्यातले किडे टिपणारा मासा त्याला फसतो.

ट्राउट भारतात कुठून आला?

हा मासा मूळचा भारतातला नाही. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये आणली. पुढे निलगिरीत अवलांचीला १९०७ मध्ये ट्राउटचं बीज तयार करणारं केंद्र उभं राहिलं.

ट्राउटला वर्षभर वाहतं, थंड आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होतो आणि २५ अंशांच्या आसपास जीव धोक्यात येतो. सह्याद्रीत बर्फ नाही. पावसाळ्यात फेसाळणारे ओढे उन्हाळ्यापर्यंत आटतात आणि उरलेलं पाणी तापतं. त्यामुळे ट्राउट इथे टिकूच शकत नाही.

मग इथला मासा कोणता?

दख्खनचा महसीर. त्याचं शास्त्रीय नाव 'टोर खुद्री'. विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. सायक्सने दख्खनच्या अनेक माशांना इथलीच मराठी नावं दिली. 'खुद्री' आणि 'कोळस' अशी ती नावं आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आहेत.

महसीर किडे, गोगलगायी, लहान मासे आणि पाण्यात पडलेली फळंही खातो. त्यामुळे तो फ्लायलाही लागतो. त्याच्या ताकदीमुळे जगभरचे गळवाले त्याच्यामागे असतात.

अडचण कुठे आहे?

महसीरला दोन गोष्टी हव्या असतात: उन्हाळ्यात तग धरायला खोल डोह आणि पावसाळ्यात अंडी घालायला वर चढण्याची वाट. आज माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या नद्यांच्या खोऱ्यात आहेत. त्यांच्या पाण्यावर शेती उभी राहिली, पण माशांची वर जायची वाट अडली.

त्यात पहिल्या पावसात 'चढणीचे मासे' धरले जातात. अंड्यांनी भरलेली मादी तेव्हाच सापडते. म्हणजे एका माशाबरोबर पुढची पिढीही जाते.

बीज सोडलं की प्रश्न सुटतो का?

लोणावळ्यात टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास केली आणि लाखो पिल्लं तयार झाली. त्यातली काही दूरच्या कावेरीतही सोडली गेली. तिथे हा मासा चांगलाच वाढला, पण कावेरीचा स्वतःचा मोठ्या कुबडाचा महसीर घटत गेला. २०१८ मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. त्याच्या घसरणीचं एक कारण बाहेरून आलेला हा महसीर आहे, असं संशोधकांचं म्हणणं आहे. मासा चांगला असला, तरी तो कोणत्या नदीचा आहे हे पाहावंच लागतं.

याउलट उदाहरण महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीचं. काळ नदीच्या या डोहातले महसीर देवीचे मानले जातात. कुणी त्यांना धरत नाही, उलट खाऊ घालतात. बीज न सोडताही डोह जपल्याने मासा टिकला आहे.

गळ टाकण्याआधी काय लक्षात ठेवाल?

• भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीचा विचार करू नका.
• धरणांच्या जलाशयात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. डिंभे जलाशयावर तर विस्थापित आदिवासी कुटुंबांची रोजीरोटी अवलंबून आहे. आधी त्यांना विचारा.
• जून ते सप्टेंबर गळ घरीच ठेवा.
• काटा नसलेला हुक वापरा, हात ओले करून मासा धरा आणि फोटोसाठी पाण्याबाहेर ताटकळत न ठेवता लगेच सोडा.
• महसीर सापडलेल्या डोहाचं लोकेशन पोस्टमध्ये टाकू नका. उन्हाळ्यात त्या डोहाशिवाय त्याला दुसरी जागा नसते.