अग्निबाण कशाला रेटतो?

दिवाळीत रिकाम्या बाटलीत बाण उभा करून वात पेटवली, की तो सुंकन वर जाई. त्याचा जाळ जमिनीला आणि हवेला रेटतो म्हणून तो उडतो, अशी आम्हा मुलांची खात्री होती. पुढे विज्ञान शिकलो, तरी हा समज मनातून पुरता गेला नाही. तो माझा एकट्याचा नव्हता, हे कळल्यावर मात्र जरा बरं वाटलं.

अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. अग्निबाण चंद्रापर्यंत पोचू शकेल, असं त्यांनी स्मिथसोनियन संस्थेनं छापलेल्या निबंधात मांडलं. १३ जानेवारी १९२० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं संपादकीय पानावर त्यांची टर उडवली. अंतराळात हवाच नाही, मग अग्निबाण रेटणार कशाला? शाळकरी पोरांना कळतं तेवढंही प्राध्यापकांना कळू नये, असा एकूण सूर.

मंडळी, एक फुगा डोळ्यांसमोर आणा. तोंड बांधलेलं असताना आतली हवा सगळ्या बाजूंना सारखी दाबते, म्हणून फुगा जागचा हलत नाही. तोंड सोडलं, की त्या बाजूला दाब घ्यायला भिंतच उरत नाही. समोरच्या भिंतीवरचा दाब मात्र असतोच, आणि तोच फुग्याला पुढे ढकलतो. म्हणजे ढकलणारी हवा आतलीच. बाहेरच्या हवेचा होतो तो अडथळा. बंदुकीचा दस्ता खांद्याला धक्का देतो, तो काही गोळी हवेवर आपटते म्हणून नव्हे. न्यूटननं १६८७ साली सांगितलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तेवढा बरोबर न्यावा लागतो. दिवाळीच्या बाणात तो दारूतल्या सोऱ्यातून मिळतो.

गॉडर्ड यांनी हे नुसतं कागदावर मांडलं नव्हतं. हवा काढून घेतलेल्या नळीत दारू पेटवून त्यांनी रेटा मोजला होता. तो कमी तर भरला नाहीच, उलट जास्त भरला. हे त्याच निबंधात छापलेलं होतं! टीकाकारानं तो वाचला होता की नाही, कोण जाणे.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावातल्या शेतावर त्यांनी पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारा अग्निबाण उडवला. तो ४१ फूट उंच गेला आणि अडीच सेकंदांत कोबीच्या वाफ्यात येऊन पडला. १९४५ साली गॉडर्ड वारले.

१६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्राकडे निघालं. दुसऱ्या दिवशी, यान वाटेत असतानाच, त्याच वृत्तपत्रानं छोटी चूकदुरुस्ती छापली. अग्निबाण निर्वातातही चालतो, झाल्या चुकीबद्दल खेद आहे, असा मजकूर होता. ती वाचायला गॉडर्ड नव्हते, त्यांच्या पत्नी एस्थर मात्र होत्या.