द्वारका आणि दिग्बोई : एक घड्याळ, दोन दिवस

आपल्या वडोदऱ्यातील बऱ्याच मराठी कुटुंबांचा तेल कंपन्यांशी जुना संबंध आहे. कोयलीच्या रिफायनरीत नोकरी, मग बदली आसामात दिग्बोईला, असे घरोघरी घडते. दुसऱ्या टोकाला द्वारका. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होते, त्यामुळे तिथले जाणे-येणे आपल्याला नवे नाही. या दोन्ही लहान गावांत घड्याळ एकच वेळ दाखवते, पण दिवस मात्र सारखा नसतो. मुलेबाळे लांब असलेल्या सभासदांना उपयोगी पडावी म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

हिशेब सोपा आहे

पृथ्वी एक रेखांश फिरायला ४ मिनिटे घेते. द्वारका सुमारे ६९ अंश पूर्व रेखांशावर आहे, दिग्बोई सुमारे ९५.६ अंशांवर. फरक २६.६ अंशांचा, म्हणजे १०६ मिनिटे, जवळजवळ पावणेदोन तास. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आहे. दोन्ही गावे या रेषेपासून जवळपास सारख्याच अंतरावर, पण विरुद्ध बाजूंना आहेत.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. तरी कोलकात्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईची १९५५ पर्यंत चालू होती. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे.

सूर्योदय आणि सूर्यास्त (अंदाजे)

- २१ जून : दिग्बोई पहाटे ४.१५ ते संध्याकाळी ६.०५, द्वारका सकाळी ६.१० ते संध्याकाळी ७.४०
- २१ डिसेंबर : दिग्बोई सकाळी ५.५५ ते दुपारी ४.२०; द्वारका सकाळी ७.३० ते संध्याकाळी ६.१५

अक्षांशही वेगळे असल्याने काही दिवसांत हा फरक दोन तासांच्या जवळ जातो.

दोन्हीकडची दिनचर्या

दिग्बोईची रिफायनरी १९०१ सालची, आशियातील सर्वांत जुन्या रिफायनऱ्यांपैकी एक. आजूबाजूला चहाचे मळे. मळ्यांनी आपली सोय फार पूर्वीच करून घेतली : तिथे ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे. उजेड लवकर, म्हणून काम लवकर आणि सुट्टीही लवकर. सरकारी कचेऱ्या व बँका मात्र प्रमाणवेळेने चालतात. आम्ही उभा जन्म बँकेत काढला. चार वाजता काउंटर बंद झाल्यावर आम्हाला उन्हातच घरी जायची सवय. डिसेंबरात दिग्बोईच्या बँकेतला माणूस कॅश मिळवून बाहेर पडतो तेव्हा दिवे लागलेले असतात.

द्वारकेत उलट. डिसेंबरात मंगला आरतीसाठी देवळाकडे निघालेला भाविक अंधारातच चालत असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातलाही गोमती घाटावर उजेड असतो आणि जेवणे उशिरा होतात.

ईशान्येसाठी वेगळी वेळ असावी ही मागणी जुनी आहे. २०१४ मध्ये आसाम सरकारने तसा विचार जाहीर केला होता. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही ईशान्येत एक तास पुढची वेळ सुचवली. पण देशाची वेळ अजून एकच आहे.

व्रत-वैकल्ये पाळणाऱ्यांसाठी

आमची भाची लग्न होऊन दिग्बोईला गेली. पहिल्या संकष्टीला तिने घरून नेलेल्या कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय पाहिला आणि त्या वेळेपर्यंत उपाशी राहिली. अंगणात आली तर चंद्र केव्हाच डोक्याकडे निघालेला. इकडे तिची आई ‘पोरगी अजून जेवली नसेल’ म्हणून फोन करत नव्हती.

म्हणून लक्षात ठेवावे :

- वडोदरा व मुंबई जवळपास एकाच रेखांशावर आहेत. दिग्बोईचा चंद्रोदय तेथून सुमारे दीड तास आधी होतो. वीसेक मिनिटांचा फरक कमीजास्त पडू शकतो, म्हणून तिथल्या गावाचे पंचांग पाहणे उत्तम.
- एकादशी सूर्योदयाच्या तिथीवर ठरते. दोन्ही गावांच्या सूर्योदयांमधल्या वेळात तिथी बदलली, तर व्रताचा दिवसही बदलू शकतो.
- तिकडे फोन रात्री नऊच्या आत करावा. पहाटे चारला उजाडणाऱ्या गावात माणसे लवकर झोपतात.

आता भाचीच आधी फोन करते : ‘आई, इकडे चंद्र आला, मी जेवायला बसते. तुझ्याकडे दीड तासात येईल.’ मग आमची ताई मोदकांचे पाणी चुलीवर ठेवते.